शिरा की प्रसाद

परवा भाजीच्या गाडीवर दोघी कुजबुजत होत्या, "सोनवणेभाऊंनी म्हणे वहिनींना घराबाहेर..." आणि मला बघून गप्प. मला कुठलं राहवतंय? तशीच पिशवी घेऊन त्यांचा जिना चढले. वहिनी खरंच दाराबाहेर पाट टाकून बसलेल्या.

"अहो, काढलं की काय तुम्हाला?"

"मला नाही, देव्हाऱ्याला. यांना देव पटत नाही. मग ठरवलं, उंबऱ्याच्या आत देव नाही, बाहेर आहे. पूजेपुरती मी बाहेर बसते."

तेवढ्यात भाऊ रिकामी वाटी घेऊन बाहेर आले.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला प्रसाद चालतो?"

"छे. मी शिरा खातो. प्रसाद हिचा."

वहिनींनी एकाच पातेल्यातून दोघांचं वाढलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला काय देऊ?"

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "दोन्ही, थोडं थोडं."