आठवं नाणं

कडेनं धरा म्हणता? अहो, बोटांचे डाग पडतात हे मला सांगताय — एकतीस वर्षं टांकसाळीत काढलीत मी. आणा इकडे. हं. छाप सरकलाय, एका बाजूला कोरभर जागा कोरीच. हेच ते. आणि याच्यासाठी तुम्ही दोन गाड्या बदलून आलात? धड छापलेल्या नाण्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि हे बिघडलेलं तुम्ही मखमलीत ठेवता. मजा आहे तुमच्या छंदाची.

कुणाच्या हातून झालं ते हवंय, तुमच्या मासिकात छापायला — लिहा की मग, रजिस्टरात आहे तेच लिहा. माझे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान. मशीन त्यांचं, पाळी त्यांची, सही त्यांची. चकती नीट बसली नाही की छाप असा सरकतो. दर पाच मिनिटांनी मूठभर नाणी काढून बघायची, खराब निघाली की मशीन थांबवायचं — नाही थांबवलं. अख्खी पिशवी बाजारात गेली. चौकशी बसली, तर साहेब म्हणाले, ही चूक नाही, छंदवाल्यांना विकायला मुद्दाम सोडलेला माल आहे. छंदवाले म्हणजे तुम्ही, बरं का. तुमच्यापायी माणूस चोर ठरला. मग लाकडाच्या वखारीच्या फाटकावर बसायचे, ट्रकचे नंबर लिहीत. त्या खुर्चीतच गेले.

नाही, मी नव्हतो तिथं. म्हणजे — होतो, शेजारच्या मशीनवर. ते जेवायला गेले तेव्हा अर्धा तास बघितलं असेल त्यांचं मशीन, सगळेच एकमेकांचं बघायचे, त्यात काय एवढं. आणि तुमची माहिती तरी कुठं धड आहे? म्हणे त्या पिशवीतली सातच नाणी आजवर सापडलीत. सात नाही, आठ.

असं काय बघताय? छंद काय तुम्हालाच असतो? लहानपणापासून डबाभर नाणी होती माझ्याकडे. त्या दिवशी मूठ उघडली तर हे वरच — अजून गरम. असलं नाणं जन्मात दिसत नाही हो. बुटात टाकलं. आता मशीन थांबवलं असतं तर सगळे धावत आले असते, बुटासकट झडती झाली असती. म्हणून नाही थांबवलं. चौकशीत साहेबांनी भावोजींना विचारलं, जेवणाच्या वेळेला मशीनवर कोण होतं? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रजिस्टरात माझं नाव आहे ना, मग झालं." माझी कायम होण्याची ऑर्डर यायची होती तेव्हा. त्यांना वाटलं, मेव्हण्याला डुलकी लागली असेल. बुटातलं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, तेवढं एक बरं.

पण काय हो, माझा पत्ता कुणी दिला तुम्हाला? टांकसाळीनं?

ताईनं? ती बोलली तुमच्याशी? काय, म्हणाली काय — एक त्याच्या डब्यात आहे, ते बघून या?

आई गेली तेव्हा इथली कपाटं आवरायला आली होती ती. त्यानंतर आलीच नाही. मी आपला समजत होतो, गुडघे दुखत असतील. आई गेली तेव्हा... भावोजी जिवंत होते. होते की अजून. चार वर्षं होते त्यानंतर. माझ्याशी हसून बोलायचे.

उठा. नाही, डबा नाही दाखवणार. उचला ते तुमचं नाणं. कडेनं धरा.