फाइलमधले अठरा इंच

(बाथरूम. जुनं बेसिन काढून बाहेर ठेवलंय. नवं बेसिनखालचं कपाट भिंतीपासून वीतभर लांबच अडलंय. प्लंबर उकिडवा बसलाय. दारात फाइल घेतलेला नवरा, त्याच्यामागे बायको.)

प्लंबर : ढकलून उपयोग नाही, साहेब. खालचा कप्पा सांडपाण्याच्या पाइपावर आपटतोय.

नवरा : शक्यच नाही. पाइप जमिनीपासून अठरा इंचांवर आहे. कपाटाची खाचही अठरावर. हे बघा, फाइलमध्ये आहे. मी स्वतः मोजलंय.

प्लंबर : माझी टेप सोळा म्हणते.

नवरा : टेप नीट धरलीत का?

प्लंबर : भिंतीत गाडलेला पाइप आहे, आपोआप खाली घसरत नाही. तुम्ही मोजलं कधी?

नवरा : गेल्या महिन्यात.

बायको : म्हणजे फरशीच्या आधी.

नवरा : त्याचा इथे काय संबंध?

बायको : जुनी फोडली तर धूळ होते, म्हणून नवी फरशी तिच्यावरच बसवून घेतलीत ना? जमीन दोन इंच वर आली. फाइल खालीच राहिली.

प्लंबर : वहिनींनी बरोबर पकडलं.

नवरा : अहो, मी पस्तीस वर्षं पूल बांधलेत.

प्लंबर : पुलाचं बरं असतं, साहेब. पाणी आपलं आपण वाहतं. इथे त्याला वाट काढून द्यावी लागते.

नवरा : बरं, उपाय बोला.

प्लंबर : भिंत फोडून पाइप दोन इंच वर घेऊ.

नवरा : या टाइल्स फोडायच्या? एकही जादा नाही. अगदी मोजून आणल्यात.

प्लंबर : तेही मोजूनच का? मग खालचा कप्पा काढून टाकतो. पुढची फळी तेवढी चिकटवतो. बघणाऱ्याला कप्पाच वाटेल.

नवरा : चालेल.

बायको : तो माझा कप्पा आहे.

नवरा : अगं, दिसणार आहे ना तसाच.

बायको : सहा वर्षं माझ्या गोळ्या, मलम, कंगवा दारामागच्या खिळ्याला पिशवीत लटकतायत. पाहुणे आले की पिशवी पलंगाखाली. हे कपाट घेताना मी रंग विचारला नाही की किंमत. खालचा कप्पा माझा, एवढंच म्हटलं होतं.

नवरा : वरच्यात ठेव थोडं.

बायको : वरच्यात तुमचं दाढीचं सामान. उरलेल्या जागेत पाइपाची खाच.

प्लंबर : आणखी एक आहे. कपाटाचे पाय दोन इंच कापतो. पाइप बरोबर खाचेत जाईल, कप्पा शाबूत.

नवरा : छे. बेसिन बत्तीसवर येईल. चौतीस हवं.

बायको : कोणाला?

नवरा : माझ्या उंचीला चौतीसच लागतं. रोज दाढी करताना वाकावं लागेल मला.

बायको : किती?

नवरा : दोन इंच.

प्लंबर : मी जरा बाहेर थांबू का?

बायको : थांबा इथेच. अहो, स्वयंपाकघरातली वरची फळी तुमच्या हाताच्या मापाची. मी स्टुलावर चढते, कधी बोलले नाही. आणि कप्पा गेला तर मरो तो. पण तुम्ही ‘चालेल’ किती पटकन म्हणालात, त्याचं वाईट वाटलं मला.

प्लंबर : साहेब, करवत आणू?

नवरा : आणा.

प्लंबर : कप्प्याला की पायांना?

नवरा : पायांना.

प्लंबर : मग खुणा करून द्या. चारही पायांवर सारखं माप हवं.

नवरा : टेप हिच्याकडे द्या.