मागच्या रिमचा रंग

नाही काका, हलकं चाक नकोच मला, हलक्या चाकांवर शर्यती मारतात, चादरी नाही वाहत. जाड रिम दाखवा, दुहेरी — आणि स्पोक छत्तीस, त्याहून एकही कमी नको, टायर रुंद. ओझं किती? तेच सांगते ना. आई लॉजच्या चादरी धुते, टॉवेल, उशांचे अभ्रे — जाताना धुतलेलं गाठोडं, येताना मळकं — आणि ऊन नसलं की अर्धवट ओलंच न्यावं लागतं, मग तेच गाठोडं दुप्पट जड. मागच्या चाकाचा स्पोक सारखा तुटतो. एक तुटला की शेजारचे रुसतात, चाक आउट होतं, आणि आई आपली डुलत डुलत निघते, जणू वरातीत. मी? मी मुलगी तिची. लांब शिकत होते, शहरातल्या वाहतुकीवरच — आणि तिथे फळ्यावर जे काढून दाखवायचे ना, धूर नाही, आवाज नाही, माल वेळेवर पोचतोय, ते माझी आई रोज सकाळी करत होती, कुणी न शिकवता. म्हणून परत आले. हसू नका, खरंच म्हणून आले.

धाकटा भाऊ म्हणतो, टेम्पो घेऊ. फोनवर फोटो दाखवतो तिला, ती बघते, मग माझ्याकडे बघते आणि म्हणते, नको रे, मला सायकलच बरी. दर वेळी. मला केवढा अभिमान वाटायचा सांगू — चौकातलं पोस्टर पाहिलंत ना, रविवारच्या सायकलफेरीचं? गाठोड्यापुढे उभी ती आईच. ती पुढे आणि आम्ही सगळे मागे, बाजारपेठेत ट्रक नकोत म्हणून. नगरपालिकेचे साहेबलोकही येणार आहेत, त्यांच्यासमोर चाक बसलं तर झालंच आमचं हसं — म्हणून ती दुपारची पडली होती तेवढ्यात दोन्ही चाकं काढून आणली. तिला नव्या चाकांनी चकित करायचं होतं मला.

काय म्हणालात? पुढचं? पुढचं ठीक आहे हो, मागचंच — अरे देवा. केवढं झिजलंय हे. ब्रेक घासून घासून बशीसारखं खोलगट झालंय, धार आलीय कडेला. हे उतारावर फुटलं असतं तर — नाही, मी हे बघितलंच नव्हतं, मी आपले मागचे स्पोकच मोजत बसले. आणि मागची रिम? मागची चांगली आहे की. काळा रंगसुद्धा तसाच. धूळ आहे नुसती, रबर लागलेलंच नाही कुठे. — नाही, ब्रेक काढलेला नाही, मागचा ब्रेक आहे, मी काल दाबून पाहिला, मस्त लागतो. डाव्या हाताचा. रिम? गेल्याच वर्षी नवी घातली, भावाने. म्हणजे वर्षभर तिने — आमच्याकडे उतार आहे हो, लॉजकडून येताना चांगलाच उतार आहे, एवढं ओझं घेऊन पुढच्या एकट्या ब्रेकवर कोण येतं? सवय असेल. असते ना काही जणांना, उजव्याच हाताची?

हात? कुणाचा? छे, हात ठणठणीत आहेत तिचे, परवाच गाठोडं चढवलं — थांबा. परवा शेजारणीने चढवलं. त्याच्या आधी मी. मला वाटलं, लेक आलीय तर लाड करून घेतेय. केस कापलेत तिने, बारीक. मी आले त्या दिवशी दारातच म्हणाले, अगं काय झकास दिसतेस, सुटलीस एकदाची त्या वेणीतून. हसली. "हो, सुटले," म्हणाली. वेणीला दोन हात लागतात, नाही का काका? बटणांना पण लागतात. बटणांचे कपडे सोडलेत तिने, डोक्यातून घालायचे ढगळ सदरे घालते, आणि कप मला टेबलावर ठेवायला लावते, हातात घेतच नाही. हे सगळं मी पाहिलंय. रोज, समोर बसून, फेरीचं बोलत.

भावाला माहीत असणार. म्हणून तो टेम्पो. गेल्या आठवड्यात जिन्यात अडवलं मला, म्हणाला, "ताई, तू एकदा म्हण तिला, सायकल सोड. तू म्हटल्याशिवाय ती उतरायची नाही." आणि मी त्याला म्हणाले, टेम्पोवाल्यांना विकला गेलायस तू. तो तसाच खाली निघून गेला. तिनेच शपथ घातली असेल त्याला, माझ्यापाशी बोलू नकोस म्हणून. तिचा फोटो चौकात टांगल्यावर ती कुठल्या तोंडाने सांगणार होती, की मला आता हे होत नाही?

नको, ठेवा ती पकड खाली. जाड नको, बारीक नको, काहीच नको. चाकं राहू द्या इथे — कुणी न्यायला आलं तर देऊ नका, आई आली तरी — नाही. नाही, परत तेच करतेय मी, परस्पर. ती आली तर तिची तिला द्या. पण पुढचं दाखवा तिला, हे झिजलेलं, आणि सांगा, मुलीने पाहिलंय.

रविवारचं मला विचारू नका आता. भावाला लावते फोन. वाजतोय. — काका, तुम्ही जरा बाहेर उभे राहता का? हो, दुकान तुमचंच आहे, कळतंय मला. तरी.