मढ्याला वळ उठत नाही

(जेवणाचं टेबल. त्यावर पुठ्ठ्याची टेकडी, थर्माकोलची थडगी आणि बोटाएवढी रंगवलेली माणसं. एका बाजूला भालाईत आणि घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला सांगाडे आणि मढी. दुपार.)

दाजी : मेला. हाही मेला. आणि हा तुझा झेंडेवाला, याची तर मुंडीच उडाली. सरक, मी उचलतो. ज्यानं मारलं त्यानं उचलायचं, आपल्या टेबलाचा नियम आहे.

बारक्या : उचला दाजी, उचला. अख्खी रांग कापलीत माझी.

दाजी : कापली नाही, फाडली. माझी मढी दातांनी फाडतात. आतडी ओढत नेतात टेकडीवर. ऐकतेस का गं? तुझ्या भावाची आतडी पसरलीत इथे, ये बघायला!

ताई : हात ओले आहेत माझे.

दाजी : मग पुस आणि ये. ये म्हटलं की यायचं.

ताई : आले.

बारक्या : राहू दे हो, काम करत होती ती. माझी पाळी ना आता?

दाजी : टाक फासे. तोवर मी हा नवा घोडा प्लास्टिकच्या चौकटीतून कापून सोडवतो. पातं कुठे गेलं? हं, हे बघ. धार बघितलीस? केस उभा चिरेल.

बारक्या : घोडेस्वार घुसवतो तुमच्या मढ्यांत. हे टाकले... सहा, पाच, पाच, सहा! चार चिरडली दाजी! खुरांखाली कवट्या फुटल्या कडाकडा!

दाजी : नशीब जोरावर आहे तुझं. उचल. पण लक्षात ठेव, माझी माणसं मेलेली राहत नाहीत. माझी पाळी आली की प्रत्येकाच्या नावानं एक फासा. पाच-सहा पडला की उठून परत रांगेत.

बारक्या : माहितीय. म्हणून तर तुमच्याशी खेळताना जीव मेटाकुटीला येतो. पण ताई, हात काय बसलाय गं तुझा! ब्रश कसा धरायचा ते मी शिकवलं, आणि आता बघ. असलं मढं मी दुकानाच्या काचेतसुद्धा पाहिलं नाही.

दाजी : मी मागे लागलो म्हणून. आधी बाहुल्या रंगवल्यासारखी रंगवायची, गाल गुलाबी! सगळी पुसायला लावली. म्हटलं, खरं दिसत नाही. सडकं दिसलं पाहिजे, बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. मग आली वळणावर. आता फक्त मढ्यांच्या राजाचा चेहरा टाळतेय. कधीचा पांढराफटक ठेवलाय बिचाऱ्याला.

ताई : रंग ठरत नाहीये.

दाजी : रविवारी स्पर्धा आहे माझी. त्याच्या आत ठरव.

बारक्या : या मढ्याच्या दंडावर हे काय आहे?

दाजी : कुजलंय.

बारक्या : कुजलं असतं तर सगळंच कुजलं असतं. बाकी अंग राखाडी आहे. दंडावर तेवढं जांभळं. बाहेरून चार ठिपके, आतून एक.

दाजी : मेव्हणे, खेळायचंय की भिंग लावून बसायचंय?

बारक्या : आणि हे दुसरं. साचा तोच, उभं राहायची ढबही तीच. पण याचे ठिपके गळ्यावर आहेत, आणि कडेनं हिरवट. या तिसऱ्याच्या कमरेवर पिवळं पडलंय. ताई, हा पिवळा मी नव्हता शिकवला तुला.

ताई : नव्हतास.

बारक्या : मग?

ताई : बघून बघून जमलं.

बारक्या : कुठे बघून?

दाजी : पुस्तकात बघून, आणखी कुठे! माझी पाळी. चार मढ्यांचे चार फासे. पाच, दोन, सहा, सहा. तीन उठली. आण इकडे.

बारक्या : थांबा जरा.

दाजी : थांबा काय? उठली म्हणजे उठली. नियम आहे.

बारक्या : या चौथ्याच्या गालावर चौकोनी खूण आहे. इवलीशी. चुकून लागलेली नाही, चारी कोपरे धरून काढलीय. दाजी, मी दिवसभर गॅरेजात गाड्यांचे पोचे काढतो. पोचा बघितला की गाडी खांबाला ठोकलीय की भिंतीला, ते मला कुणी सांगावं लागत नाही.

दाजी : बरं मग?

बारक्या : उजवा हात टेबलावर ठेवा.

दाजी : कशाला?

बारक्या : तुमच्या अंगठीचा खडा चौकोनी आहे.

दाजी : डोकं फिरलंय का तुझं? बोटाएवढ्या बाहुलीवरून मला जाब विचारतोस? मढं आहे ते, मढं! मढ्याच्या अंगावर असले डाग असायचेच.

बारक्या : नसतात. मेलेल्याला वळ उठत नाही, दाजी. वळ उठायला माणूस जिवंत लागतो.

दाजी : तू आत जा गं.

बारक्या : आत जाऊ नकोस. ताई, बाही वर कर.

दाजी : खबरदार केलीस तर.

बारक्या : नुसतं बघू दे मला. खोटं निघालं तर याच टेबलावर नाक घासतो.

ताई : बघायचं काय त्यात? हातात धरलंयस की. डावा दंड परवाचा, म्हणून जांभळा आहे. गळ्याचं त्याच्या आधीचं. आणि कमरेत लाथ बसली होती ते आता पिवळं पडलंय. बसताना तेवढं दुखतं.

दाजी : तोंड बंद कर!

ताई : गालाचं केव्हाच बुजलं. पण ती खूण मला पाठ होती, म्हणून काढली. हे म्हणाले ना, खरं दिसत नाही. मग आरशासमोर बसले आणि दिसलं तसं रंगवलं.

बारक्या : मला सांगायचंस ना गं! मी काय मेलो होतो?

ताई : दोनदा घर सोडून तुझ्याकडे आले. दोन्ही वेळा तूच मला परत आणून सोडलंस. दाजी जरा तापट आहेत, पण मनानं चांगले आहेत, म्हणालास. आणि सोडलंस ते सोडलंस, वर याच टेबलावर एक डाव खेळून गेलास.

बारक्या : मला वाटलं, शब्दानं शब्द वाढला असेल. हात उचलला असेल असं...

ताई : तू विचारलंच नाहीस. मला बघून न बघितल्यासारखं करायचास, मढी मात्र एकेक उजेडात धरून बघायचास. म्हटलं, कधी ना कधी दिसेल याला. पण तू आपला, वा ताई, छटा काय जमल्यात! रडू यायचं मला, बारक्या. आत जाऊन रडायचे.

दाजी : झालं नाटक? चल. आत चल, मग बघतोच तुझ्याकडे.

बारक्या : हात सोडा तिचा.

दाजी : बायको आहे माझी.

बारक्या : सोडा म्हणतोय ना.

ताई : आई गं! मनगट, मनगट मोडेल माझं...

बारक्या : सोड तिला! हरामखोरा, सोड म्हणतो ना हात!

दाजी : मला अरे-तुरे? माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून? चालता हो!

बारक्या : जातो. तिला घेऊन जातो.

ताई : बारक्या, मागे हो! पातं आहे त्यांच्या हातात!

दाजी : आहे ना! ये, ये पुढे. मघाशी खोटी होती, आता तुझी खरीखुरी आतडी काढतो टेबलावर.

बारक्या : काढ! काढ ना! हुकलं ना पातं? मग माझं घे! हे दंडाचं घे! हे गळ्याचं! आणि हे कमरेचं, घे!

दाजी : नाक... अरे नाक फुटलं माझं...

ताई : टेबल पडलं! बारक्या, ते पातं लाथेनं सरकव आधी. कपाटाखाली सरकव. हां. आता बास. बास म्हणते ना! त्यांचं डोकं आपटू नकोस फरशीवर!

बारक्या : मरू दे! मरू दे याला!

ताई : हे मेले तर तू तुरुंगात, आणि मी पुन्हा एकटी. ऐक माझं. ऊठ त्यांच्या छातीवरून. ऊठ राजा. मूठ उघड बघू, रक्त गळतंय.

बारक्या : त्याचंच आहे.

ताई : तुझं आहे, वेड्या. मघापासून मढं मुठीत धरून मारतोयस. मढ्याचा हात मोडून तळव्यात घुसलाय तुझ्या. हलू नकोस, काढते.

बारक्या : ताई, मी तुला परत आणून सोडलं...

ताई : हो, सोडलंस. ते मी विसरणार नाही. पण आता रडत बसू नकोस, कपाटामागे पिशवी आहे माझी, ती घे.

बारक्या : भरलेली आहे?

ताई : मागच्या वेळेपासून रिकामीच केली नाही.

दाजी : जा. खुशाल जा. दोनदा गेलीस, दोनदा आलीस. माझं गेलेलं सगळं परत येतं.

ताई : तेव्हा हा आणून सोडत होता. आता विचारा त्याला, सोडतो का.

बारक्या : नाही सोडणार.

दाजी : पोलिसांत जाईन! नाक फोडलंय माझं, डोळा सुजलाय, दिसत नाहीये नीट!

ताई : जा. आम्हीही तिकडेच निघालोय. बारक्या, ती चार मढी पुसून खिशात घाल. मोडकं पण घे.

दाजी : ए, माझी आहेत ती! माझ्या सैन्यातली! रविवारी स्पर्धा आहे, राजा तसाच पडलाय... राजाचा चेहरा कोण रंगवणार?

ताई : तुम्हीच रंगवा. आरसा जवळ घ्या. आज लाल ठेवा. उद्या डोळ्याखाली जांभळं उतरेल, मग हिरवट होईल. कडेनं पिवळं दिसायला लागलं की समजा, बरं होतंय. आणि डब्यांची झाकणं घट्ट लावत जा. रंग सुकतात.