उलटं दार

खुर्चीचा मोडका पाय बसवून घ्यायला शिक्षिकाबाई सुताराच्या दुकानात थांबल्या होत्या. तेवढ्यात एक आजी तरातरा आत शिरल्या. बाईंना वाटलं, आता सुताराची काही धडगत नाही.

“वादळात लपायला खोली बांधली, तिचं दार तुम्ही उलटं बसवलंत!”

“चुकलंच, आजी. बाहेर उघडायचं ते आत उघडतंय. उद्याच फिरवून देतो.”

“हात लावून तर बघा! परवाच्या वादळात छप्पर पडलं, ते नेमकं त्या दारापुढे. बाहेर उघडणारं असतं, तर आम्ही सगळे आतच कोंडून पडलो असतो.”

“बाप रे! मग?”

“सुनेनं दार आत ओढलं आणि ढिगाऱ्यावरून एकेकाला बाहेर काढलं. तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता मी. तो परत घ्यायला आलेय.”

“अहो, असू द्या.”

“आता लेकीच्या घरी तशीच खोली करायचीय.”

“तिथं नीट बघून बसवतो.”

“छे! तिथंही अस्संच चुकवा.”