दारातली घोंगडी

माउली : तू अजून भाईरच? मी दोन फेऱ्या मारून आलो की. आत एसी हाय, सरबत बी देतायत.

मायाक्का : बूट घालूनच गेलतास?

माउली : सगळेच जातायत. पाटी वाच की, ‘पादत्राणे काढू नयेत’ म्हणून लिवलंय.

(सोलापुरातल्या एका कलादालनाचं दार, सुट्टीच्या दिवशीची दुपार. उंबऱ्यापासून आतपर्यंत एक काळी घोंगडी अंथरलेली आहे आणि आत जायला दुसरी वाट नाही. माउली वळसंगचा, मायाक्का मंद्रूपची. दोघं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकाच टॉवेल कारखान्यात कामाला. तो माग चालवतो, ती घड्या घालते.)

मायाक्का : वाचली पाटी. म्हणूनच हुबी हाय.

माउली : अगं, कला हाय ती. त्यानं व्हिडिओत सांगितलं न्हाय का? येडू घोंगडीवाला संपला. चार वर्सं तोंडावर घोंगडी घेऊन रॅप केलं, आता ती पायाखाली. हितनं फुडं तो पृथ्वीराज, चित्रं काढणारा. रॅपवरनं मनच उडालंय त्याचं.

मायाक्का : उडू दे की. मी काय त्याचं मन बांधून ठिवलंय?

माउली : मग तोंड का पाडलंयस? आपल्या फॅन-पेजवर बी सकाळधरनं ह्योच कालवा चाललाय. निम्मी पोरं म्हणत्यात फसवलं, निम्मी म्हणत्यात कलाकार हाय, बदलणारच. मी दुसऱ्या पार्टीतला. माणसानं एकच गाणं किती दिवस गावं?

मायाक्का : तुला एक इचारू? ही घोंगडी कुणाची?

माउली : त्याचीच की. पैल्या व्हिडिओपासनं हाय त्याच्या अंगावर.

मायाक्का : पैल्या न्हाय, चौथ्या. पैल्या तिनात कापड-बाजारातली चादर हुती, काळी रंगवलेली. ही माझ्या आबांची, माझ्या बापाची हाय.

माउली : कायपण बोलू नगं.

मायाक्का : आबांचं नाव काय, ठावं हाय तुला? येडू.

माउली : माये, चेष्टा करतीस?

मायाक्का : तू कारखान्यात लागायच्या आदी हा आपल्याच हाफिसात बसायचा, मालकाचा पुतण्या म्हणून. हिंदी-इंग्रजी मिसळून गाणी करायचा. ऐकणारं कुणी न्हवतं, शिपाईसुदीक उठून जायचा. जेवणाच्या सुट्टीत मी आबांचं काय काय सांगत बसायची, आबा नुकतेच गेलते तवा. हा वही काढून लिवून घ्यायचा. मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, आबांचं बोलणं कुणीतरी लिवून ठिवतंय.

माउली : म्हंजी त्या गाण्यातलं ‘मागचं लंगडं मेंढरू येईस्तवर म्होरलं पाऊल उचलत न्हाय’... 

मायाक्का : आबाच म्हणायचे. रोज म्हणायचे. बाजाराला निघालं की आईवर वरडायचे, अगं थांब, मागं लंगडं हाय.

माउली : मी हातावर गोंदून घेतलंय ते.

मायाक्का : ठावं हाय. तुझा हात बगितला की मला हसू बी यायचं आन रडू बी.

माउली : दोन वर्सं तुझ्यासंगं पेज चालवतोय. लोक इचारत हुते येडू कोन, येडू कोन, आन तू माझ्यासंगं बसून अंदाज बांधत हुतीस. मला एका शब्दानं बोलली न्हाईस.

मायाक्का : हा म्हणला, ताई, कुणाला कळलं तर मजा जाईल. मी शब्द दिला. दिला तो पाळला.

पृथ्वीराज (आतून दारात येत) : अरे, मायाताई! बाहेर का उभ्या? आत या ना, तुमच्यासाठी एक चित्र काढलंय, मधल्या भिंतीवर आहे.

माउली : येडूभाऊ, जरा थांबा.

पृथ्वीराज : पृथ्वीराज म्हणा, प्लीज. तेवढ्यासाठी तर हे सगळं केलंय.

मायाक्का : दादा, ही हितं का हातरली?

पृथ्वीराज : ताई, रागावू नका, समजून घ्या. लोकांनी येडूवरून चालत यावं आणि मग माझ्यापर्यंत पोचावं, अशी कल्पना आहे.

मायाक्का : लोक माझ्या बापावरनं चालत जातायत.

पृथ्वीराज : तुमचे वडील वेगळे, येडू वेगळा. येडू हे मी घेतलेलं सोंग होतं. तुम्हाला माहीत आहे, मंद्रूपला माझ्या कार्यक्रमात काय झालं? एक म्हातारा आजारी कोकरू घेऊन आला आणि म्हणाला, हात फिरव ह्याच्यावर. मी आयुष्यात कधी मेंढरू उचललेलं नाही ताई. मला वासानं मळमळतं. आणि तो माणूस माझ्या पाया पडला. त्या दिवसापासून घोंगडी डोक्यावर घेतली की जीव गुदमरायचा. खोटं बोलत होतो तेव्हा तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता खरं बोलतोय, तर फसवलं म्हणता.

माउली : त्यात काय चूक न्हाय बोलले, माये.

मायाक्का : न्हाय ना. मी कुटं म्हणतीय रॅप करा म्हणून. चित्रं काडा, भिंती रंगवा.

पृथ्वीराज : चित्रं माझी स्वतःची आहेत. त्यात उसनं काही नाही.

मायाक्का : मग उसनं आणलेलं परत करत्यात का तुडवत्यात?

पृथ्वीराज : ताई, आत बसून बोलू या का?

मायाक्का : आई म्हणत हुती, घोंगडी बिरोबाच्या देवळात ठिव. मी ऐकलं न्हाय. तिच्या हातातनं काढून तुमच्या खांद्यावर घातली. चूक माझी हाय, मी मान्य करते. पर तवा देवळात भंडारा उचलून तुमी काय म्हणला हुता?

पृथ्वीराज : की हिला कधी चपलेचा पाय लागू देणार नाही.

मायाक्का : आईच्या म्होरं म्हणला.

पृथ्वीराज : हो. पण ताई, ती शपथ येडूनं घेतली होती. मी तेव्हा त्याच्याच अवतारात होतो, त्याच्यासारखाच बोलत होतो...

मायाक्का : हात तर तुमचाच हुता की.

माउली : मी दोनदा गेलो हिच्यावरनं. येताना बुटाचा चिखल बी पुसला. मला काय ठावं.

मायाक्का : तुझ्यावर राग न्हाय रे. तुला कुणी सांगितलंच न्हवतं. ज्याला ठावं हुतं त्यानं पाटी लावली.

पृथ्वीराज : घेऊन जा ताई. आत्ता गुंडाळून देतो. स्वच्छ धुऊन पाठवू का?

मायाक्का : धुवायचं मी बघीन. घोंगडी तर न्हेणारच हाय मी, तुमी दिली न्हाय तरी न्हेली असती. पर आईचं काय करू ते सांगा.

पृथ्वीराज : आईंचं काय?

मायाक्का : ती रोज सांजचं मेंढरं कोंडताना तुमचं गाणं लावती. म्हणती, तुझा बाप बोलल्यागत वाटतं, घरात माणूस हाय असं वाटतं. तिला मोबाईलमधलं दुसरं काय येत न्हाय, तेवडं येतं. काल मला म्हणाली, पोरगं लई दिवस झालं नवं गाणं दीना, आजारी हाय का इचार. मी काय सांगू? येडू संपला म्हणून?

माउली : माये, नगं सांगू. जुनी गाणी हायत की.

मायाक्का : जगाला व्हिडिओत सांगितलंय, तिला उद्या शेजारचं पोरगं सांगंल. एकदा तिनं ऐकलंय माणूस गेला म्हणून. दुसऱ्यांदा मी सांगणार न्हाय. ज्यानं संपवला त्यानं सांगावं. मी फोन लावते.

पृथ्वीराज : आत्ता? ताई, आत पाहुणे आहेत, पुण्याहून लोक आलेत...

मायाक्का : खरंच बोलायचंय म्हणलात न्हवं? मग आईशी बी बोला. दोन मिनिटाचं काम हाय. घ्या, लागला.

पृथ्वीराज : हॅलो... नमस्कार आई, मी पृथ्वीराज बोलतोय. ... पृथ्वीराज. मायाताईंच्या कारखान्यातला. ... नाही, ताई ठीक आहेत, इथंच आहेत. आई, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. तो येडू जो आहे ना, तो आता... ... हो. ... हो, ऐकतोय. ... नाही नाही, आजारी नाही. ... आई, तुम्ही रडू नका ना. ... व्हय. ... व्हय आई, मीच हाय. जेवलो की, कवाच जेवलो. ... करतोय, नवं गाणं करतोय, लई झ्याक हुतंय बगा. ... येतो की मंद्रूपला, न येऊन कुटं जातोय.

माउली : माये, ऐकतीस का? आवाज बी तोच लागला.

मायाक्का : ऐकते की. अजून बी किती सोपं जातंय त्येला.