दसऱ्याला लावलेलं दार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी नरसीच्या कीर्तनाला निघाले होते. हिंगोलीच्या स्टँडवर मागच्या बाकावर दोन शेजारणींचं चाललं होतं.

“चतुराकाकू, माझ्याशी बोलणारच नाही का?”

“काय बोलायचं, झिराडकरबाई? काल दिवेलागणीला सोनं द्यायला आले, तर तुमी दार उघडलं न्हाई. घरात तर होता.”

“होते. काल आमचा दारफाळणीचा सण होता. आम्ही यहुदी त्या दिवशी पाणीसुद्धा न घेता, दार लावून देवाजवळ वर्षभराच्या चुकांची माफी मागतो. चांदण्या दिसल्या की दार उघडायचं.”

“अवं माय. मग मी दारापुढं बोलले ते…”

“सगळं ऐकलं. ‘बाईची लई मिजास’ इथपासून.”

“त्याच्या पुढचंबी?”

“पुढचं तर फारच छान होतं. प्रार्थना म्हणता म्हणता हसू आवरेना.”

“आता माजी माफी कोण करंल? तुमचा देव?”

“माणसाला दुखावलं तर आमचा देव आधी त्या माणसाकडंच धाडतो. म्हणून तर मी तुमच्या मागं इथवर आले.”

“तुमी काहून? बोलले तर मी.”

“दार मी लावलं ना. आधी सांगायला हवं होतं तुम्हाला.”

“बरं, आज काय हाय तुमचं?”

“आज शिळा सण. शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटायचं.”

“मग बराबर हाय. माज्याजवळचं सोनंबी शिळंच हाय, लेकीसाठी घेऊन चालले होते. करा हात पुढं.”